मगर फिरवली की गरम : एक स्ट्रिंग दुसरीचं रोटेशन आहे का ते कसं तपासायचं

आमच्या वडगावात शेजारच्या काकांच्या घरी अजून एक जुना माग आहे. पावरलूम येऊन जमाना झाला, गल्लीतल्या बाकीच्यांनी माग मोडून भंगारात घातले, खरं काकांनी ठेवलाय. (आमच्या बेळगावकडं "खरं" म्हणजे "पण", बाहेरच्यांनी गोंधळू नका, पुढंही येणार आहे तो शब्द.) त्या मागाच्या डोक्यावर जॅकार्ड आहे. त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात, दोऱ्यानं एकीला एक शिवलेल्या, आणि शेवटची पट्टी परत पहिलीला बांधलेली, म्हणजे सगळी मिळून एक गोल माळ. एक पट्टी म्हणजे बाण्याचा एक धागा. माग खटखटत राहतो, माळ फिरत राहते आणि तीच नक्षी परत परत कापडावर उमटते.

दिवाळीच्या साफसफाईत काकांना पोटमाळ्यावर असल्या दोन जुन्या माळा सापडल्या. दोन्हींत ४८-४८ पट्ट्या. मला हाक मारली आणि म्हणाले, "ह्या दोन्ही एकच डिझाईन हाय का वेगळं, बघून सांग की जरा, तुझ्या कॉम्प्युटरला कळतंय काय बघ." मी खाली फरशीवर बसून एकसारख्या भोकांच्या पट्टीला एकच अक्षर असं करत दोन्ही माळा लिहून काढल्या. झाल्या दोन स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांच्या दोन ओळी. आता सरळ तुलना करून चालत नाही, कारण गोल माळेला पहिली पट्टी अशी नसतेच, मी जिथून वाचायला सुरुवात केली ती पहिली. म्हणजे प्रश्न "दोन्ही सारख्या आहेत का" हा नाही, "एक फिरवून दुसरी मिळते का" हा आहे. प्रोग्रामरच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत हा प्रश्न नेहमीचा आहे, पोरं पाठ करून जातात, खरं "का चालतं" विचारलं की गप्प बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी रोटेशन म्हणजे काय ते शब्दांवर बघू. "मगर" घ्या. पहिला म उचलून शेवटी ठेवला की झालं "गरम". आता ग उचलून शेवटी न्या, "रमग". परत एकदा केलं की "मगर" हजर. तीन अक्षरं, तीन रोटेशन, संपलं. मराठीत असल्या जोड्या भरपूर निघतात, काम फिरवलं की मका, डाव फिरवला की वडा, कसर फिरवली की सरक, तवा फिरवला की वात, रवा फिरवला की वार. ह्याचा एकदा नाद लागला की खानापूरच्या बसमध्ये बसल्यावर दुकानांच्या पाट्या फिरवण्यातच वेळ जातो, माझा जातो तरी.

पहिली चूक इथंच होते. बरेच जण दोन्ही स्ट्रिंगची अक्षरं सॉर्ट करतात, म्हणजे क्रमानं लावतात, सारखी आली की म्हणतात रोटेशन आहे. "कलम" आणि "कमल" घेऊन बघा. अक्षरं तीच तीन, सॉर्ट केल्यावर दोन्ही सारखे, खरं कलम कितीही फिरवा, लमक होईल, मकल होईल, कमल काय होणार नाही. अक्षरं तीच असणं वेगळं आणि क्रम तोच राहून फक्त सुरुवात बदलणं वेगळं. पाच वेगवेगळी अक्षरं असतील तर ती १२० प्रकारे मांडता येतात, त्यातली रोटेशन फक्त पाच. सॉर्ट करून "नाही" आलं तर ते नक्की नाही, "हो" आलं तर त्याला काही अर्थ नाही.

आता सरळ बुद्धीला सुचणारी पद्धत. एकीला एक घर फिरव, तुलना कर, नाही जुळली की अजून एक घर फिरव. पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत डेक नावाची रांग असते, तिला फिरवायची सोय आयतीच आहे. उत्तर बरोबर येतं ह्यात वाद नाही. खरं ४८ पट्ट्यांच्या माळेला ठीक आहे, एक लाख अक्षरांची स्ट्रिंग आली तर एक लाख वेळा फिरवायचं आणि दर वेळी वाईटात वाईट एक लाख अक्षरं तपासायची, म्हणजे १००० कोटी तुलना. चहा पिऊन आलात तरी स्क्रीन तशीच.

फिरवायचंच नाही, ही खरी युक्ती आहे. पहिली स्ट्रिंग दोनदा शेजारी शेजारी लिहायची आणि त्यात दुसरी सापडते का बघायचं. आपल्याच गावाचं नाव घेऊ,

बेळगावबेळगाव

मधोमध बघा, "गावबेळ" दिसतंय. थोडं डावीकडं सरकून "ळगावबे" आहे, उजवीकडं "वबेळगा" आहे. बेळगावची जेवढी म्हणून रोटेशन आहेत ती सगळी ह्या एका ओळीत आधीच बसलेली आहेत, वेगळं फिरवायची गरजच नाही. का बसतात ते पण साधं आहे. कुठलंही रोटेशन म्हणजे शब्द एका ठिकाणी तोडायचा आणि मागचा तुकडा पुढं आणायचा. बेळ आणि गाव असे दोन तुकडे केले, रोटेशन झालं गाव-बेळ. दोनदा लिहिलं की होतं बेळ-गाव-बेळ-गाव, त्याच्या पोटात गाव-बेळ असणारच, तोडायची जागा कुठलीही असू दे. आणि उलट बाजूनंही खरं, ह्या दुप्पट ओळीतून मूळ लांबीचा कुठलाही सलग तुकडा कापून घ्या, तो रोटेशनच निघणार, दुसरं काही निघूच शकत नाही. इंटरव्ह्यूत "का चालतं" ह्याचं उत्तर एवढंच आहे, दोन ओळींचं.

"मूळ लांबीचा" हा शब्द मात्र विसरू नका. "गाव" पण त्या ओळीत सापडतो, म्हणून गाव हे बेळगावचं रोटेशन होत नाही. लांबी आधी तपासायची, मगच शोधायचं. असं,

रोटेशन_आहे_का(अ, ब):
  जर अ ची लांबी आणि ब ची लांबी वेगळी, तर उत्तर "नाही"
  दुप्पट = अ + अ
  जर दुप्पट मध्ये ब सापडला, तर उत्तर "हो"
  नसेल तर "नाही"

झालं. पायथनमध्ये "सापडला" म्हणजे इन, जावात कंटेन्स, जावास्क्रिप्टमध्ये इन्क्लूड्स, सी मध्ये स्ट्रस्टर. सी वाल्यांनी दुप्पट ओळीसाठी जागा घेताना लांबीच्या दुप्पट अधिक एक घ्यायची, तो शेवटचा शून्य बसायला, तो एक विसरून कितीतरी प्रोग्राम मध्येच आडवे होतात. दोन्ही स्ट्रिंग रिकाम्या असतील तर उत्तर "हो" येतं आणि ते बरोबरच आहे, रिकामी माळ फिरवली तरी रिकामीच.

मी दोन माळा दोन फाइलमध्ये टाइप केल्या होत्या आणि हा प्रोग्राम चालवला तर पहिल्याच ओळीत "नाही". लांबी वेगळी म्हणे! एकीची ४८ आणि दुसरीची ४९. तीन वेळा पट्ट्या मोजल्या, ४८ च. मग लक्षात आलं, एका फाइलच्या शेवटी मी एंटर दाबला होता, तो पण अक्षर म्हणून मोजला गेला. फाइलमधून किंवा कुणाच्या व्हॉट्सॲप मेसेजमधून उचललेली स्ट्रिंग असेल तर आधी दोन्ही टोकं झाडून घ्यायची, स्पेस, एंटर, टॅब सगळं. मधली स्पेस काढायची का नाही ते तुमच्या कामावर आहे. इंग्रजी असेल तर मोठी लिपी छोटी लिपी एक करायची का ते पण आधीच ठरवा. तो एंटर काढला, लांबी जुळली, तरी उत्तर "नाही"च आलं. त्याच्याकडं नंतर येतो.

आता वेगाचं. दुप्पट करून शोधलं म्हणजे आपोआप फास्ट झालं असं समजू नका, आत शोधणारा कसा शोधतोय त्यावर आहे. जावाचं इंडेक्सऑफ नावाचं साधं शोधणारं फंक्शन प्रत्येक जागी ठेवून अक्षर अक्षर जुळवत जातं, म्हणजे मुद्दाम वाईट इनपुट दिला की परत त्या १००० कोटींच्या घरात. पायथननं ३.१० पासून, म्हणजे २०२१ पासून, मोठ्या स्ट्रिंगसाठी आत टू-वे नावाचा अल्गोरिदम (शोधायची ठरलेली पद्धत) घातलाय, त्यामुळं तिथं वाईटात वाईट इनपुटलासुद्धा वेळ लांबीच्या प्रमाणातच वाढतो. स्वतः लिहायचं असेल तर केएमपी नावाचा अल्गोरिदम शिका. डोनाल्ड क्नूथ, जेम्स मॉरिस आणि व्हॉन प्रॅट ह्या तिघांचा, १९७७ सालचा पेपर आहे, नावातली तीन अक्षरं त्यांचीच.

केएमपी लोकांना अवघड वाटतो कारण कोडपासून सुरुवात करतात. हातानं एकदा करून बघा. समजा दोनच प्रकारच्या पट्ट्या आहेत, ख आणि ट. पहिली माळ "खटखखख", दुसरी "खखटखख". आधी दुसऱ्या माळेचा एक तक्ता करायचा. प्रत्येक अक्षरापाशी थांबून विचारायचं, इथपर्यंतच्या तुकड्याचं शेपूट त्याच तुकड्याच्या तोंडाशी किती अक्षरं जुळतंय (अख्खा तुकडा सोडून). "ख" ला ०. "खख" ला १, कारण शेपटीला ख आणि तोंडाला पण ख. "खखट" ला ०. "खखटख" ला १. "खखटखख" ला २. तक्ता झाला ०, १, ०, १, २.

आता पहिली दुप्पट करून खटखखखखटखखख ह्या ओळीवर डावीकडून चालायचं. पहिला ख जुळला. दुसरा ट, आपल्याला हवा होता ख, नाही जुळला, परत शून्यावर. तिसरा ख, चौथा ख, दोन जुळले. पाचवा ख, हवा होता ट. इथं साधी पद्धत मागं जाऊन चौथ्यापासून परत सुरू करते. केएमपी तक्त्यात बघतो, दोन जुळलेले असताना मोडलं तर एक जुळलेलाच आहे असं धर, आणि आत्ताचा हा ख दुसरा म्हणून लाव. लागला, परत दोन. सहावा ख, तेच, परत दोन. सातवा ट, तीन. आठवा, नववा, पाच. सापडला, सुरुवात पाचव्यापासून. दुप्पट ओळीत आपण एकदाही मागं फिरलो नाही, हे बघितलं का? म्हणूनच तो फास्ट. जुळलेल्या भागाबद्दल जे कळलंय ते फेकून द्यायचं नाही, बस. एक लाखाच्या स्ट्रिंगला तक्ता आणि शोध दोन्ही धरून सहा लाखांच्या वर तुलना जात नाहीत.

आणि खरोखर दुप्पट स्ट्रिंग बनवायची पण गरज नाही. शेवटच्या अक्षरानंतर परत पहिल्यावर यायचं, म्हणजे जागेच्या आकड्याला लांबीनं भागून बाकी घ्यायची. मेमरी वाचते. माळ गोल आहे ती गोलच वाचायची, कागदावर दोनदा लिहिणं हे आपल्या डोळ्यांसाठी.

सापडलेली जागा फेकून देऊ नका, तिचा उपयोग आहे. पाचव्यावर सापडलं म्हणजे पुढची चार अक्षरं मागं नेली की दुसरी माळ तयार, काकांच्या भाषेत चार पट्ट्या पुढं ओढायच्या. आणि ह्याच युक्तीचा एक जोडधंदा आहे. स्ट्रिंग स्वतःच्याच दुप्पट ओळीत शोधा, खरं अगदी पहिली जागा सोडून. "खटखट" शोधला तर तिसऱ्या अक्षरापाशीच सापडतो, म्हणजे दोन घरं फिरवलं की तो स्वतःच होतो, म्हणजे तो "खट" चीच दोन आवर्तनं आहे आणि त्याची वेगळी रोटेशन चार नाहीत, दोनच. कटकट, बडबड, गडगड, मराठीत असल्या शब्दांना तोटा नाही. मागावर ह्याचा अर्थ, ४८ पट्ट्यांची माळ २४ व्या पट्टीनंतर तीच परत सुरू होत असेल तर निम्मा पुठ्ठा उगीच बांधलाय.

इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात मिळेल. आता देवनागरीचं सांगतो, कारण आमच्याकडं अडचण अल्गोरिदममध्ये नसतेच, "अक्षर कशाला म्हणायचं" ह्यात असते.

"बेळगाव" मध्ये अक्षरं किती? आपण म्हणणार चार, बे, ळ, गा, व. पायथनला विचारा, सहा म्हणेल. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी नंबर द्यायच्या पद्धतीत, ब वेगळा, त्याची मात्रा वेगळी, ग वेगळा, काना वेगळा. हे त्याचे कोडपॉइंट, म्हणजे एकेक नंबर. कोडपॉइंट बाइटमध्ये साठवायची पद्धत म्हणजे यूटीएफ-८, तिच्यातले बाइट मोजणारी भाषा असेल, म्हणजे गो किंवा रस्ट, तर लेन (लांबी) म्हटल्यावर १८ येतात, देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइटचा. त्यामुळं बेळगावबेळगाव मध्ये "गावबेळ" कितव्या जागेवर आहे (शून्यापासून मोजून) ह्याचं उत्तर अक्षरांनी २, कोडपॉइंटनी ३ आणि बाइटनी ९. तिन्ही बरोबर, फक्त कशात मोजताय ते एकदा ठरवा आणि मग मिसळू नका.

हे वाचून लोक घाबरतात, म्हणजे मराठीला ही दुप्पटची युक्ती चालत नाही का? चालते. नीट विचार केला की दिसतं, हो-नाही उत्तर हवं असेल तर बहुतेक वेळा काहीच करायला लागत नाही. नीट लिहिलेला मराठी शब्द मात्रेनं सुरू होत नाही. मग दुसरा शब्द पहिल्याचं कोडपॉइंटनी केलेलं रोटेशन असेल आणि तो व्यंजनानं किंवा स्वरानं सुरू होत असेल तर तोडायची जागा मात्रेच्या आधी पडूच शकत नाही. राहिलं जोडाक्षर. "पक्ष" मध्ये क, पाय मोडायची खूण आणि ष असे तीन आहेत. खुणेनंतर तोडलं तर "षपक्" होतं, म्हणजे शेवटी पाय मोडलेला क. आणि मराठीत तर तत्सम शब्दांच्या शेवटचा पाय मोडत नाहीतच, आपण विद्वान, परिषद, क्वचित असंच लिहितो. म्हणून दोन्ही शब्द धड सुरू होतायत आणि पाय न मोडता धड संपतायत एवढं बघितलं की कोडपॉइंटवर केलेली तपासणी अक्षरांवर केल्यासारखीच. बाइटवर केलेली पण चालते, यूटीएफ-८ अशी रचलीय की एका कोडपॉइंटच्या मधूनच दुसऱ्याची सुरुवात आहे असं चुकून वाटत नाही.

गडबड होते ती रोटेशन छापायला गेलात की. बेळगाव एक कोडपॉइंट फिरवला की सुरुवातीला लोंबकळणारी मात्रा येते, स्क्रीनवर ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याच्यावर मात्रा. कोडपॉइंटनी सहा रोटेशन होतात, त्यातली धड वाचण्यासारखी चारच. "सगळी रोटेशन दाखवा" असं काम असेल तर आधी शब्द अक्षरांत तोडून यादी करायची आणि यादी फिरवायची. तोडायला जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर आहे, पायथनच्या स्वतःच्या सामानात नाही, बाहेरचं रेजेक्स मॉड्यूल घालावं लागतं, स्विफ्टमध्ये स्ट्रिंग मुळातच अशी मोजली जाते. फक्त लायब्ररी किती जुनी आहे बघा, जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ ला आला, त्याच्या आधीची लायब्ररी "पक्ष" चे प, क् आणि ष असे तीन तुकडे करते, दोन नाही.

दुसरी गडबड, दिसायला तेच खरं आत वेगळं. "भाकऱ्या" टाइप करा. त्यातला ऱ एकच कोडपॉइंट असू शकतो, नाहीतर र आणि खालचा नुक्ता असे दोन, आणि काही कीबोर्ड तर र, पाय मोडायची खूण आणि एक न दिसणारा जोडक असं घालतात. डोळ्याला तिन्ही भाकऱ्या सारख्याच, कॉम्प्युटरला नाहीत, बऱ्याचदा लांबीच जुळत नाही म्हणून पहिल्याच ओळीत "नाही". पहिल्या दोन प्रकारांसाठी दोन्ही स्ट्रिंग एनएफसी नॉर्मलाइज करून घ्या, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणा, एक होतात. तिसरा न दिसणारा जोडक मात्र एनएफसी काढत नाही, तो तुमचा तुम्हाला बघावा लागतो, आणि तो नुसता पुसून टाकला तर र्‍या चा र्या होतो, म्हणून पुसू नका, ऱ च्या रूपात बदलून घ्या. आमच्याकडं एकाच फाइलमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही नावं असतात, कन्नडातही हाच प्रकार आहे, तिथल्या ऱ्हस्व ओ ची खूण एकच कोडपॉइंट म्हणून येते नाहीतर दोन तुकड्यांत येते. एनएफसी दोन्ही लिप्यांना लावून सोडा, डोक्याला ताप नको.

असाच तिसरा खड्डा आकड्यांचा. पट्ट्यांना अक्षरांऐवजी नंबर दिले, १, १२, २, आणि मधे काही न ठेवता चिकटवले, तर "११२" म्हणजे १ आणि १२ का ११ आणि २, कुणाला कळणार? एकतर नंबरांची यादीच ठेवा, स्ट्रिंग करू नका, आणि केएमपी यादीवर चालवा, त्याला अक्षर काय नि नंबर काय. नाहीतर प्रत्येक नंबराच्या मागं स्वल्पविराम, शेवटच्यासुद्धा, "१,१२,२,". शेवटच्यालाही का? वरच्या पाय मोडण्याच्या उलट गंमत आहे इथं. दोन्ही स्ट्रिंग स्वल्पविरामावर संपत असतील तर तोडायची जागा पण स्वल्पविरामानंतरच पडते, १२ च्या मधे पडूच शकत नाही.

दोनच माळा असतील तर एवढ्यानं भागतं. समजा ४०० डिझायनी आहेत आणि त्यात एकसारख्या किती ते शोधायचंय. प्रत्येकीची प्रत्येकीशी गाठ घातली तर ७९,८०० जोड्या. त्यापेक्षा प्रत्येक माळेची एक ठरलेली सुरुवात पक्की करा, शब्दकोशात सगळ्यात आधी येणारं रोटेशन घ्या. मगर, गरम, रमग ह्यात आधी येतं गरम. मगर दिलं तरी गरम, रमग दिलं तरी गरम. मग हे "गरम" डिक्शनरीची (किल्ली देऊन नोंद काढायच्या तक्त्याची) किल्ली करा, दोन माळांची किल्ली एक आली की त्या एकच, ४०० माळांसाठी ४०० च वेळा काम.

हे सगळ्यात छोटं रोटेशन काढायला सगळी रोटेशन करून सॉर्ट करू नका. बूथचा अल्गोरिदम १९८० पासून आहे, खरं मला दोन बोटांची पद्धत सोपी वाटते. एक बोट पहिल्या अक्षरावर, एक दुसऱ्यावर, दोन्हीकडून गोल वाचत सुटायचं. जोपर्यंत अक्षरं सारखी तोपर्यंत पुढं. जिथं फरक पडला तिथं ज्याचं अक्षर मोठं ते बोट हरलं, त्याला जेवढं वाचून झालं त्याच्याही एक घर पुढं न्यायचं. मधली घरं सोडून दिली तर चालतात, कारण त्या प्रत्येक घरापासून सुरू केलं तरी दुसऱ्या बोटाच्या तितक्याच पुढच्या घराकडून ते हरणारच होतं. दोन्ही बोटं एकाच घरावर आली तर एकाला एक घर पुढं सरकवा. एक बोट ओळीबाहेर गेलं, किंवा अख्खी लांबी सारखीच वाचून झाली, की थांबायचं, जे बोट मागं राहिलं ते उत्तर. वेळ लांबीच्या प्रमाणातच.

आता काकांच्या माळा. लांबी जुळत होती, कुठल्या खुणेच्या किती पट्ट्या ते पण जुळत होतं, तरी "नाही". दोन संध्याकाळी कोडमध्ये बग शोधत बसलो. शेवटी परत काकांच्या घरी जाऊन दोन्ही माळा फरशीवर पसरल्या, तर चूक समोरच दिसली, पहिली माळ मी घड्याळाच्या दिशेनं वाचली होती आणि दुसरी उलट्या दिशेनं. गोल वस्तूला सुरुवात नसते तसं कुठून कुठं वाचायचं ते पण ठरलेलं नसतं, आणि ते मी धरलंच नव्हतं. ह्याला उपाय एका ओळीचा, दुप्पट ओळीत ब शोधा, नाही सापडला तर ब उलटा करून परत शोधा.

उलटं करताना मात्र देवनागरी फसवते, आणि इथं ती गुपचूप फसवते. "बेळगाव" कोडपॉइंटनी उलटा केला तर "वागळेब" येतो. ठिपक्यांचं वर्तुळ नाही, काही नाही, एकदम खरा शब्द वाटतो, कुणाचं तरी आडनाव म्हणून खपेल. काना ग वरून उठून व ला जाऊन बसला आणि मात्रा ब वरून ळ वर. अक्षरांनी उलटा केला तर "वगाळबे" यायला पाहिजे. फिरवताना कोडपॉइंट चालून जातात, उलटं करताना अजिबात नाही, अक्षरं तोडूनच उलटायचं. माझ्या माळांत मात्रा नव्हत्या म्हणून वाचलो.

उलटून शोधलं, सतराव्या जागी सापडली. काकांना सांगितलं की सोळा पट्ट्या ओढून उलटी बांधली की हीच माळ, पण मग फुलाचा देठ वर आणि पाकळ्या खाली येतील, तर हे एकच डिझाईन धरायचं का वेगळं ते तुम्ही सांगा, कॉम्प्युटर काय सांगू शकत नाही. काका म्हणाले, "कापड उलटं धरलं की तेच की रे," आणि एक माळ परत पोटमाळ्यावर ठेवायला शिडी आणायला गेले.